शेवटच्या चार सुरांचे शब्द

आक्का,

कुठलाही कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन यायचा. मी तोंड धुतलंय की नाही याच्याशी तुला काही देणंघेणं नसायचं. "कोण चुकलं?" हा पहिला प्रश्न. लोकांना आवडलं का, हे तू जन्मात कधी विचारलं नाहीस. कोण चुकलं, कुठं चुकलं, आणि चुकल्यावर तोंड पाडून उभा राहिला की पुढं वाजवत राहिला, एवढंच तुला हवं असायचं. काल आम्ही तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये वाजवलं. आज सकाळी मी फोन शेजारी ठेवून बसलो होतो. सवय, दुसरं काय. चहा निवून गेला. बायकोनं कप उचलून नेला. मग म्हटलं, आता आपणच सांगून टाकावं.

तुझं दिवसकार्य होतं न होतं तोच शाळेतून निरोप आला होता. तुझ्यासाठी सगळे जमणार आहेत, निपाणीच्या बँडनं काहीतरी वाजवावं. काहीतरी म्हणजे काय, ते विचारायची गरज नव्हती. तू वर्षभर ज्याच्या मागे हात धुऊन लागली होतीस ते इंग्रजांचं मोठं गाणं. मूळचं ते मोठ्या ऑर्केस्ट्राचं आणि देवळाएवढ्या चर्चमध्ये शे-दीडशे गळ्यांनी गायचं, खाली ऑर्गन घुमत असताना. ते सगळं तू आमच्या वरातीच्या बँडात बसवलं होतंस. अथपासून इतिपर्यंत बसलं होतं. फक्त शेवटच्या चार सुरांना शब्द नव्हते. आणि शब्द नसले की तुझ्या बँडला वाजवता येत नाही. ते चार शब्द कोण घालणार, या एका गोष्टीनं तू गेल्यापासूनची माझी सगळी झोप खाल्ली.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बँडला कसले आले शब्द? वाजवणारा फुंकतो, गात नाही. आम्हीही असंच म्हणत होतो, तू पहिल्यांदा इंग्रजी गाणं घेऊन आलीस तेव्हा.

बेळगावच्या कँपातल्या नन लोकांच्या शाळेत तू मराठी शिकवायला गेलीस आणि पियानोच्या मागे उभी राहून इंग्रजांचं संगीत शिकलीस. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं तुला पाच रेघांवरचे सूर वाचायला शिकवलं. बदल्यात तू तिला झुणका करायला शिकवलंस असं सांगायचीस, खरंखोटं देव जाणे. आपल्या आप्पांचा नंदगडला बँड होता. मला त्यांनी क्लॅरोनेट हातात दिला. तुला दिला नाही, बायका वरातीत चालत नाहीत म्हणून. तू त्यावर रडलीस-बिडलीस नाहीस. मी सरावाला बसलो की आतून ओरडायचीस, "बाळू, गंधार उतरला रं!" आणि आप्पा गालात हसायचे. पुढं मी सासुरवाडीच्या जिवावर निपाणीला स्वतःचा बँड काढला, तेव्हा तू मला वर्षभर घरजावई म्हणून हाक मारलीस. लग्न तू केलं नाहीस. शहापुरातल्या त्या दोन खोल्या, शाळा आणि आमचा बँड, एवढाच तुझा संसार. आता त्या खोल्यांची किल्ली माझ्या खिशात आहे आणि ती खिशात टोचते.

पावसाळ्यात लग्नं नसतात. पोरं शेताला जातात, ओठ सुटतात, बोटं जड होतात. "रिकामं बसण्यापरीस कायतरी शिकूया की," म्हणत तू रविवारची बस धरून निपाणीला आलीस. आमचा भरमा, बँडमधला सगळ्यात मोठा बेस अंगाभोवती गुंडाळून फुंकणारा, त्याच्या घरची तंबाखूची वखार तेव्हा रिकामी होती. तिथं सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी निम्मी पोरं शिंकत होती आणि तू नाकाला पदर लावून सूर सांगत होतीस.

तू इंग्रजी सुरांचे सारेगम करून, ज्याचा त्याचा वेगळा कागद लिहून आणला होतास. वाचता सगळ्यांना आलं. पण लय जमेना. आमची सवय वरातीची. पावलाला ठोका, ठोक्याला सूर. इंग्रजांचं गाणं कुठं लांबतं, कुठं अर्ध्यातच वळतं. गणपानं, दुसऱ्या नंबरच्या ट्रंपेटवाल्यानं, तीनदा चुकल्यावर ट्रंपेट मांडीवर ठेवला.

"न्हाय जमायचं आक्का. ह्या गाण्याला पायच न्हाईत."

तू त्याच्या शेजारी येऊन बसलीस. मग म्हणालीस, "गणपा, सकाळी तुझी आई तुला काय म्हणून उठिवत्या?"

"कशाला?"

"सांग की."

"भाकरी थापली, ऊठ की मुडद्या!"

सगळी वखार हसली. तू हसली नाहीस. "आता त्येच मनात म्हण आणि वाजीव. भाऽकरी थापली, ऊऽठ की मुडद्या. जिथं आई ओढत्या तिथं ओढ, जिथं तोडत्या तिथं तोड."

गणपानं वाजवलं. एकदम बरोबर. चर्चमधलं ते गंभीर कोरस गणपाच्या आईच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं होतं. त्या दिवसापासून आमच्या बँडात एकही इंग्रजी गाणं शब्दांशिवाय बसलं नाही. व्हायोलिनची जी पळापळ असायची ती तू दोन क्लॅरोनेटमध्ये वाटून द्यायचीस, एकाचा श्वास संपला की दुसऱ्यानं उचलायचं. एकानं मनात म्हणायचं "तिखटमिठाचा डबा कुठाय", दुसऱ्यानं म्हणायचं "फळीवर बघ की, फळीवर बघ की". भरमाच्या घरी कन्नड बोलतात, त्याला आपले शब्द जिभेवर बसेनात. तर त्याच्या बेसला तू कन्नड शब्द दिलेस, "ऊट आय्ता, ऊट आय्ता." जेवण झालं का. भरमा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस, त्याला हे शब्द एकदम पटले. लोक आमचं वाजवणं ऐकून माना डोलवायचे आणि आम्ही मनातल्या मनात एकमेकांना जेवायला वाढत असायचो.

तुझी सगळ्यात मोठी भांडणं मधल्या आवाजांवरून व्हायची. वरातीच्या बँडात सगळे मिळून एकच चाल वाजवतात, प्रत्येकाला वाटतं गाणं आपल्याच तोंडात असावं. इंग्रजांच्या कोरसमध्ये चार आवाज चार वाटांनी चालतात आणि चाल एकाच्याच वाट्याला. वरचा आवाज तू मला दिलास, माझ्या क्लॅरोनेटला, ट्रंपेटला नाही, कारण ट्रंपेट ओरडतो म्हणून. मधला गणपाकडं. तो वैतागला.

"आक्का, माझ्यात गाणंच न्हाय वो. नुसतं तिथल्या तिथं हिंडायलोय."

"बरं, एकदा गप्प बस. बाकीच्यांनी वाजवा."

आम्ही वाजवलं. काय कमी झालं ते सांगता येईना, पण गाणं उघडंबोडकं वाटायला लागलं. गणपा कान खाजवत म्हणाला, "व्हय की." पुन्हा त्यानं त्या वाटणीबद्दल तक्रार केली नाही. मीही शिकलो. पण मी तुला ते सांगितलं नाही. आप्पांनी मला वाजवायला शिकवलं, आक्का, पण ऐकायला तू शिकवलंस. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, काय रं, ताप-बिप आलाय काय?

आणि ती पाठवणी. ती आठवली की अजून मला एकाच वेळी हसू येतं आणि लाज वाटते. निपाणीजवळच्या एका खेड्यातलं लग्न. मुलगी सासरी निघाली, सगळे आमच्याकडं बघतायत, आता काहीतरी वाजवा. सिनेमातली तीच ती रडकी चाल वाजवायचा मला कंटाळा आला होता. मी पोरांना खूण केली आणि तुझं ते संथ इंग्रजी गाणं सुरू केलं. काय सांगू तुला, मांडव रडला. फोटोग्राफर डोळे पुसायला लागला. मुलीचा बाप माझा हात धरून म्हणाला, "असलं कुणीच वाजीवलं न्हवतं." दुसऱ्या दिवशी मी फुशारकीनं तुला फोनवर सांगितलं.

"बाळू, कुठलं वाजिवलासा म्हनलास?"

"त्येच की. गेल्या पावसाळ्यात बशिवलेलं."

"आरं खुळ्या, त्ये मेलेल्या माणसांच्या आत्म्यासाठी हाय रं! पाठवणीला वाजिवलासा व्हय?"

आणि तू हसायला लागलीस. खोकला येईपर्यंत हसलीस. मग विचारलंस, "पोरगी नांदतीय न्हवं बरी?" त्यानंतर प्रत्येक रविवारी वखारीत पाऊल टाकल्या टाकल्या तू त्या मुलीची चौकशी करायचीस. तिला मुलगा झाला असं कळलं तेव्हा तू पेढे वाटलेस. आपल्या दोघांशिवाय कुणाला कळलं नाही कशाचे. तोवर पंचक्रोशीत बोभाटा झाला होता. पाठवणीला लोक सांगून ठेवायचे, ते रडायचं इंग्रजी वाजवा म्हणून. मी तुला विचारलं, आता बंद करू का? तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. ज्याचं माणूस लांब चाललंय त्याला रडायला काय, कुठलंबी चालतंय."

शेवटचं गाणं तू घेतलंस तेव्हा तुझा खोकला तंबाखूचा आहे असं आपण सगळे समजत होतो. ते गाणं मला सुरुवातीपासून आवडलं नाही असं नाही. मला त्याचा शेवट आवडला नाही. गाणं चढत चढत जातं, सगळे आवाज एक होतात, ढोल गडगडतो. ढोलाच्या काठ्यांना तू तुझ्या जुन्या साडीची फडकी गुंडाळून दिली होतीस, तर काय गडगड निघायची! आणि तिथं, जिथं टाळ्यांचा कडकडाट व्हायला पाहिजे, तिथं तो इंग्रज सगळं बंद करतो. फक्त ऑर्गनचा खालचा सूर उरतो, तो तू भरमाला दिला होतास. त्यावर गाणाऱ्यांचे चार सूर. लांब. एकदम हळू. संपलं.

मी म्हटलं, हे कापूया. मोठ्यानंच संपवूया.

"कापायचं न्हाय."

"आक्का, आमचा बँड हळू वाजवणारा न्हाय. लोक आम्हाला बोलावत्यात त्येच गल्ली दणाणली पायजे म्हणून. हळू वाजवलं की सूर फाटतोय. आणि लोकांना वाटंल, बँडाचा दम संपला."

"संपंना का. माणसाचा संपतोच की."

"टाळी पडायची न्हाय."

"टाळीसाठी लिवल्यालं न्हाय त्ये बाळू."

पाच-सहा रविवार हे चाललं. तू निपाणीच्या स्टँडवर बसच्या दारात उभी राहून भांडलीस, कंडक्टर शिट्टी मारेपर्यंत. मी फोनवर भांडलो. त्या शेवटाला तू शब्दही घालेनास. तुझी रीतच तशी होती. आधी बँडकडून कच्चं वाजवून घ्यायचीस, डोळे मिटून ऐकायचीस, मग शब्द सुचायचे. आणि मी शेवट वाजवायलाच देत नव्हतो, तर तुला शब्द सुचणार कुठून? असं दोघंही अडून बसलो होतो. भांडण मिटायचं होतं पुढच्या पावसाळ्यात. आपल्याकडं पावसाळे भरपूर आहेत असंच आपण धरून चाललो होतो.

मग खोकला तंबाखूचा नाही हे कळलं. बेळगावच्या दवाखान्यात मी येऊन-जाऊन असायचो. तू बारीक झालीस, पण हिशेब तोच, आज कोण कुठल्या लग्नाला गेलंय, गणपाचा ओठ बरा झाला का. एकदा दुपारी खिडकीतनं ऊन तुझ्या पायावर आलं होतं. मी हरलो होतो, आक्का. तुला तसं बघून मी भांडणच सोडून दिलं होतं.

म्हटलं, "शेवट कापत न्हाय. तू म्हणतीस तसाच वाजवूया. तेवढे शब्द घाल."

तू मान हलवलीस. "ऐकल्याबगर कसं घालू? तू घाल."

"मला न्हाय सुचत असलं."

"तुमचं सगळं मोठ्यानं का वाजतंय म्हाईत हाय? मी शब्दच तसलं दिलंय. भाकरी थापली, डबा कुठाय. सगळं वरडून म्हणायचं. हळू वाजवायचं झालं तर..." तू थांबलीस. दम घेतलास. "जे मोठ्यानं म्हणताच येत न्हाय असलं कायतरी घाल. मग आपोआप हळू वाजतंय."

तेवढ्यात नर्स आली. मला म्हणाली, बाहेर थांबा. मी तुझ्यासाठी शहाळं आणायला खाली गेलो. वर आलो तेव्हा तुला झोप लागली होती. मी शहाळं टेबलावर ठेवलं आणि निपाणीची बस धरली, कारण दुसऱ्या दिवशी संकेश्वरचं लग्न होतं. त्या लग्नात ऐन वरातीत माझा फोन वाजला, दवाखान्यातून. पोरं पुढं वाजवत गेली. मी रस्त्याच्या कडेला एका पानाच्या दुकानाच्या फळीवर बसलो आणि ती वरात माझ्यापुढून लांब जाताना बघत राहिलो.

तर ते चार शब्द. तुझ्यामागं मी किती खटपट केली! आधी मोठं काहीतरी सुचलं, "शांत हो मना". पोरांपुढं म्हणून दाखवलं. गणपानं तोंड वाकडं केलं. "ह्ये भजन झालं. आक्का असलं घालत न्हवत्या. त्या रोजचं घालायच्या." खरं होतं. मग रोजचं शोधायला लागलो. "चहा पी की गं" असं घातलं, तर सगळ्यांनी तेही दणकून वाजवलं, कारण चहा पी म्हणून आपण ओरडूनच सांगतो. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय विचारताय, तुमची बहीण." एकदा वाटलं, देऊ नयेतच शब्द. आकडे मोजून वाजवा म्हणावं, एक दोन तीन चार. वाजवून बघितलं. कोरडं, वाळल्या पानासारखं. सूर होते, त्यात माणूस नव्हतं. मग मला खरंच वाटायला लागलं की मी तेव्हा म्हटल्याप्रमाणे कापूनच टाकावं. मोठ्यानं संपवावं, लोक टाळ्या वाजवतील, मोकळं व्हावं. तू थोडीच बघायला येणार होतीस.

आणि काल आम्ही हॉलमध्ये उभे होतो. अजून लोक यायचे होते. खुर्च्या लावल्या होत्या, तुझा फोटो टेबलावर, त्याला शाळेच्या मुलींनी केलेला शेवंतीचा हार. फोटोत तू कुणालातरी चूक सांगायच्या बेतात असल्यासारखी दिसतेस. भरमा बेस अंगावर चढवत माझ्याजवळ आला.

"काय म्हणायचं शेवटाला? आता तरी सांग रं बाळू."

मी फोटोकडं बघितलं. आणि मला निपाणीचा स्टँड दिसला. बसमध्ये चढताना तू म्हणायचीस, "येते रं." आणि मी खालून म्हणायचो, "ये." इतक्या वर्षांत मी तुला एकदाही जा म्हटलं नव्हतं. आपल्यात म्हणतच नाहीत. निघालेल्या माणसाला जा म्हणणं अभद्र. दवाखान्यात नाही म्हटलं, नंतर सगळे रडत होते तेव्हा नाही म्हटलं, तुला अग्नी देतानासुद्धा माझ्या तोंडून तो शब्द बाहेर पडला नव्हता. आणि म्हणून तू अजून कुठंतरी स्टँडवर उभी आहेस असंच मला रोज वाटत होतं.

"जा गं आक्का," मी म्हटलं.

"काय?"

"चार सूर. जा. गं. आक्. का."

गणपानं खाली मान घातली. पोरांतला एकजण हळूच म्हणाला, "आमाला अरेतुरे कसं म्हणता येईल? आम्ही जावा आक्का म्हणतो." मी म्हटलं म्हणा. तेही चारच भरतं. भरमा मात्र बेस घेऊन तसाच उभा.

"आमच्यात बी नुसतं जा म्हणत न्हाईत. होगि बा म्हणतोय आम्ही. जाऊन ये."

"परत कुठली येत्या ती भरमा?"

भरमाचे डोळे भरले. "ह्ये म्हणवत न्हाय रं."

"म्हणूनच घातलंय."

लोक आले. सिस्टर आल्या, तुझ्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, काही पोरं कडेवर घेऊन. बोलणारे दोन शब्द बोलले. मग आम्ही सुरू केलं. गणपा मध्ये एका ठिकाणी चुकला, अर्धी ओळ राहिली, पण थांबला नाही, पुढं येऊन मिळाला. ढोल गडगडला. सगळे आवाज एक झाले आणि मी डोळ्यांनी सगळ्यांना थांबवलं. हॉल एकदम रिकामा झाल्यासारखा झाला. खाली फक्त भरमाचा सूर.

मग आम्ही म्हटलं. तोंडात वाद्य होतं, म्हणून बरं. मनात म्हटलं. आणि आक्का, आयुष्यात पहिल्यांदा आमचा बँड हळू वाजला. इतका हळू की बाहेरच्या रस्त्यावरून जाणारी रिक्षा ऐकू आली. एकाचाही सूर फाटला नाही. असले शब्द कोण मोठ्यानं म्हणेल?

टाळी पडली नाही. मी सांगत होतो तसंच झालं, पण मला आता ते जिंकल्यासारखं वाटत नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी नाक पुसलं, एवढाच आवाज.

माझे चार सूर संपले, गणपाचे संपले, पोरांचे संपले. भरमाचा संपला नाही. माझ्याबरोबरच त्यानं थांबायचं ठरलं होतं. तो डोळे मिटून एकटाच खालचा सूर धरून उभा होता, अगदी बारीक, घशाच्या शिरा ताणलेल्या. मनात काय म्हणत होता ते मी विचारलं नाही. थांब म्हणून हात मीच करायचा होता. मी केला नाही. भरमाचा दम पुरला तेवढा वेळ तू निघाली नव्हतीस.